पाठ चौथा: लकब

हे एका माणसाच्या उजव्या हाताबद्दल आहे. तो हात यंत्राखाली गेला तेव्हा मी तिथून शंभर पावलांवर, काचेच्या खिडकीमागे बसून हजेरीची कार्डं लावत होतो. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही, ठेवायला कुणाकडे काही नव्हतंही. जे होतं ते माझ्या घरच्या कपाटात, साड्यांच्या कप्प्याखाली पसरलेल्या वर्तमानपत्राखाली, आठ-नऊ वर्षं पडून होतं.

नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे लहानमोठे भाग ठोकून काढणारा एक कारखाना होता, तिथे मी कारकून होतो. मोठ्या शेडमध्ये अकरा पॉवरप्रेस होत्या. पायाखालचं पेडल दाबलं की वरचा ठोकळा खाली येतो, पत्रा कापतो आणि परत वर जाऊन थांबतो. थांबायला हवा. क्लच झिजला तर कधीकधी तो थांबत नाही, पेडल न दाबताच दुसऱ्यांदा खाली येतो. त्याला शेडमध्ये डबल स्ट्रोक म्हणत. तोवर ऑपरेटरचा हात तयार तुकडा काढायला आत गेलेला असतो.

माझ्याकडे दोन कामं होती. एक हजेरीचं, दुसरं मेन्टेनन्सच्या रजिस्टरचं. यंत्रात काही बिघाड वाटला तर ऑपरेटरने चिठ्ठी लिहून माझ्या खिडकीत द्यायची, मी ती रजिस्टरला चढवायची आणि मेन्टेनन्सकडे पाठवायची. एवढीच रीत होती.

आणि मला विनोदी लेखक व्हायचं होतं. टीव्हीवर मराठी वाहिन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, रोज कुठली तरी नवी मालिका सुरू होई, आणि मला वाटे की या सगळ्या हशामागे माझ्यासारखाच कुणीतरी कारकून बसलेला असणार. रविवारच्या पुरवणीत चौकटीत जाहिरात दिसली. विनोदी संहितालेखन, घरबसल्या, टपालाने, बारा पाठ. मी अर्ज केला. दर महिन्याला तपकिरी पाकिटातून सायक्लोस्टाइल केलेला पाठ येई. त्याखाली स्वाध्याय असे. तो लिहून पाठवला की तीन आठवड्यांनी हिरव्या शाईतले शेरे घेऊन परत येई. शेरे लिहिणारा माणूस मी कधी पाहिला नाही. त्याची सही म्हणजे नुसतं एक वेटोळं होतं.

पहिल्या तीन स्वाध्यायांवर त्याने जवळजवळ एकच शेरा दिला. "हे विनोद ऐकलेले आहेत. तुम्ही रोज ज्यांना पाहता त्यांच्याकडे पाहा."

चौथ्या पाठाचं नाव होतं 'लकब'. त्यातला नियम मला अजून पाठ आहे. माणसाची एक लकब शोधा. ती अशा तीन जागी न्या, जिथे तिचं काहीच काम नाही.

मी खिडकीतून शेडकडे पाहिलं. चार नंबरच्या प्रेसवर मामा होता.

त्याला सगळेच मामा म्हणत. सुरगाण्याच्या डोंगराकडचा माणूस, चाळिशीच्या आसपासचा, बारीक अंगाचा. बायको आणि एक मुलगी घेऊन श्रमिकनगरच्या बाजूला एका खोलीत राहायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की इतर दहा प्रेस लगेच धडधडू लागत. मामाची प्रेस गप्प असे. तो पिशवीतून तुराटीची एक लांब, वाळलेली काडी काढी. जिथे त्याची बोटं जाणार त्या जागी काडीचं टोक धरी आणि पेडल दाबी. टोक तुटे. मग पेडलवरून पाय काढून, तो मागे घेऊन, उरलेली काडी पुढे सरकवी आणि तशीच धरून वाट बघत उभा राही. ठोकळ्याकडे असा बघे, जणू समोर एखादं नवं खोंड बांधलेलं आहे आणि ते लाथ मारणार की नाही हे ठरायचं आहे. काडी शाबूत राहिली की पुन्हा. असं तीनदा. मग कामाला लागे. जेवणाच्या सुट्टीनंतर परत तीनदा.

"मामा, झाली का तिची आंघोळ?" शेजारचा ऑपरेटर ओरडे.

"व्हती हाय," मामा वळून न बघता म्हणे. "तुझी न धुता चालती, माझी नाय चालत."

काडी दुसऱ्यांदा तुटली तर मामा काम सुरूच करत नसे. माझ्या खिडकीशी येऊन पेन्सिलीने चिठ्ठी लिही. इतर लोक लिहीत, 'प्रेस ७, ब्रेक लूज'. मामा पत्र लिहावं तसा लिही. 'चार नंबरची मशीन आज दोनदा दचकली. पाय मी काढलेला होता. काडी गवाही हाय. तिच्या मनात काही तरी चालू हाय, कोणी जाणत्याने बघून जावं.' मी ती चिठ्ठी वाचून हसू दाबत असे. मेन्टेनन्सवाला येई, स्प्रिंग आवळे, जाई. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा चिठ्ठी.

फोरमन एकदा खिडकीत डोकावून म्हणाला, "मामाची पत्रं दर वेळी नको चढवूस. साठव आणि महिन्याने दे एकदम. मेन्टेनन्सवाले बोंबलतात माझ्या नावाने."

मी ती ड्रॉवरमध्ये साठवू लागलो. महिन्याने द्यायची राहून जाऊ लागली. चिठ्ठी खिडकीत टाकली म्हणजे काम झालं असं मामाला वाटे; कुणी आलं नाही तर काडी ओळीने तीनदा शाबूत राहीपर्यंत तो थांबे आणि मग कामाला लागे. आणि तसंही रोज सकाळी काडी होतीच. यंत्र आपलं दुखणं आधी काडीला सांगत होतं, मग मी घाई कशाला करायची, असा माझा हिशेब होता. इतक्या स्पष्ट शब्दांत मी तो तेव्हा मांडला नव्हता, पण होता तोच.

चौथा स्वाध्याय मी एका बैठकीत लिहिला. पात्राचं नाव काडीमामा. काडीमामा चहा पिण्याआधी कपात काडी धरतो, पाय मागे घेतो आणि वाट बघतो. दवाखान्यात डॉक्टर जीभ दाखवा म्हणतात, तर आधी डॉक्टरांच्याच तोंडात काडी घालून तीनदा तपासतो. आणि शेवटी त्याचं लग्न. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, नवरी हार घेऊन उभी आहे. काडीमामा खिशातून लांब काडी काढतो, नवरीसमोर धरतो, एक पाऊल मागे घेतो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. हिरव्या शाईत एकच शब्द होता, आणि खाली दोन रेघा. 'उत्तम.' मी ते पाकीट डब्याच्या पिशवीतून कामावर नेलं आणि फोरमनला दाखवलं.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. आदल्या दिवशी सगळ्या प्रेस पुसून, तेल देऊन ठेवत, त्यांना झेंडूच्या माळा घालत, हळदीकुंकू वाहत. त्या दिवशी एकही प्रेस चालवायची नाही. घरचे लोक येत, मुलं यंत्रांमधून हिंडत, आणि दुपारी शेडच्या टोकाला बाकं मांडून कार्यक्रम होई. त्या वर्षी फोरमनने जाहीर केलं की आपल्या लेखकाची नाटिका होणार.

काडीमामाचं काम एका फिटरने केलं. त्याला नकला करता येत. मामाचं डोंगराकडचं बोलणं त्याने इतकं हुबेहूब उचललं की पहिल्याच वाक्याला टाळ्या पडल्या. चहाच्या कपाला लोक हसले. डॉक्टरला अजून हसले. अंतरपाटाला तर माणसं बाकांवरून खाली सरकली. मी बाजूला, माळ घातलेल्या नऊ नंबरच्या प्रेसला टेकून उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या लिहिण्याला शे-दोनशे माणसं एकदम हसत होती. पहिल्या बाकावर मामा, त्याची बायको आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. मुलगी टाळ्या वाजवत उभी राहिली होती. मामाही हसत होता. तो आधी मुलीकडे बघे आणि मग हसे.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि मामाने पिशवीतून काडी काढली, तर शेडमधल्या दहाही ऑपरेटरांनी आपापल्या प्रेससमोर एकेक पाय मागे घेतला. आधीच ठरवलेलं असणार. हसण्याचा आवाज माझ्या काचेतून आत आला. मीही हसलो. मामाने काडी तीनदा धरली, पण शेवटच्या वेळी त्याने पाय नीट मागे घेतला नाही.

मग सुरूच झालं.

"मामा, चहा तपासला का? डबल स्ट्रोक मारेल हां."

"मामा, पगाराच्या पाकिटात आधी काडी घाल."

"काल मामी दार उघडत नव्हत्या म्हणे. बाहेर काडी घेऊन किती वेळ उभे होतात?"

मामा कुणाला उलटून बोलत नसे. पूर्वी बोलायचा, आता नाही. आठवड्याभरात तीनचं दोनदा झालं. दिवाळीच्या सुमारास एकदा. तेही तो घाईने करी, आजूबाजूला कुणी बघत नाही ना हे पाहून, चोरी केल्यासारखं. दिवाळीनंतर एका सकाळी भोंगा झाला आणि अकराच्या अकरा प्रेस एकदम धडधडल्या. मी कार्डांवरून मान वर केली. चार नंबर इतरांच्या आवाजात मिसळून गेली होती.

मामाने काडी धरली नव्हती, हे मला कळलं. मी ते कुठे लिहून ठेवलं नाही. मी पुन्हा कार्डं लावू लागलो.

चिठ्ठ्याही थांबल्या. काडीच नाही, तर यंत्र दचकलं की नाही हे कळणार कसं?

फोरमन खूश होता. "मामाचं प्रॉडक्शन वाढलं बघ," तो मला म्हणाला. "तुझ्या नाटकाने जे केलं ते माझ्या मेमोने झालं नव्हतं. आता माझ्यावर नको लिहूस म्हणजे झालं."

पाचवा पाठ बोलीबद्दल होता. पात्राच्या अस्सल बोलण्याचा नमुना जोडा, असं त्यात होतं. मी ड्रॉवर उघडला. मामाच्या चिठ्ठ्या तिथे होत्या, रजिस्टरला कधीच न चढवलेल्या. झेरॉक्स काढून पाहिली, पण पेन्सिलीचं लिहिणं फिकट येत होतं, आणि त्या अक्षरातच खरी गंमत होती. म्हणून मूळ चिठ्ठ्याच टाचणी लावून स्वाध्यायाला जोडल्या आणि सातपूरच्या पोस्टात पाकीट टाकलं. कारखान्याचे कागद आपण बाहेर पाठवतोय, ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. माझ्या लेखी ते नमुने झाले होते.

डिसेंबरात उत्तर आलं. नमुने अभ्यासक्रम संपेपर्यंत संस्थेकडे राहतील असं छापील ओळीत होतं. खाली हिरव्या शाईत या वेळी बरंच लिहिलेलं होतं. "बोली अस्सल आहे. पण मला एक सांगा, हा माणूस काडी का धरतो? त्याला कशाची भीती आहे? हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मामा शेडच्या मागे उन्हात बसायचा, तिथे मी डबा घेऊन गेलो.

"मामा, एक विचारू? ते काडीचं कुठून शिकलात?"

मामाने भाकरीचा घास खाली ठेवला. "तुम्हाला अजून नाटक लिवायचंय काय भाऊ?"

"नाही हो. सहज."

त्याने भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. मग त्याने सांगितलं. आधी तो दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता. तिथे एका मोठ्या प्रेसवर दोन माणसं लागत. एकाने पत्रा ठेवायचा, दुसऱ्याने पेडल दाबायचं. मामा पेडलवर होता. त्याने एकदा दाबलं. मशीन दोनदा आली.

"पाय माझा व्हता," मामा म्हणाला. "हात त्याचा. तो माझ्याच गावचा. मीच त्याला कामाला आणलेला."

मी विचारलं, "मग आता काडी का धरत नाही तुम्ही?"

"लोक हसत्यात. पोरगी बी हसती." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही येवढं चांगलं लिवलंत. आता धरली तर वाटतं मीच नाटक करतोय."

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की मामा, उद्यापासून धरा, कुणी हसलं तर मी बघून घेतो. चार नंबरच्या चिठ्ठ्या मी पुढे दिलेल्या नाहीत, तिचा क्लच कुणी पाहिलेला नाही, हेही सांगायचं होतं. वाक्यं तयार होती. पण ती बोललो असतो तर नाटिका ही चूक होती असंही बोलावं लागलं असतं, आणि ड्रॉवरचंही निघालं असतं. मी डबा बंद केला. खिडकीत परत आलो आणि वहीत लिहिलं, 'पात्राचा भूतकाळ: पाय त्याचा, हात दुसऱ्याचा.' त्याखाली रेघ मारली. सहाव्या पाठाला उपयोगी पडेल असं वाटलं.

त्यानंतर रोज सकाळी भोंगा झाला की मी चार नंबरकडे बघायचं टाळू लागलो. थंडीचे दिवस होते, सकाळी यंत्रं जड चालत. धडधडीत मध्येच एखादा ठोका जास्तीचा वाजल्यासारखा वाटे. मी मान वर करी, मामा काम करत असे. मी मनात म्हणे, बघ, काही झालं नाही. असं महिनाभर तरी चाललं असेल. माणूस इतका वेळ वाट बघू शकतो, हे मला माझ्याबद्दल तेव्हा कळलं.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी मला आधी यंत्रं थांबल्याचं ऐकू आलं. एकेक करून सगळ्या प्रेस थांबल्या. मी कार्ड हातात धरून उभा राहिलो. शेडमध्ये कुणीही ओरडत नव्हतं. मग फोरमनचा आवाज आला, "कापड आणा. स्वच्छ आणा."

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून रजिस्टर मागितलं. चार नंबरवर गेल्या आठ महिन्यांत एकही तक्रार नव्हती. त्यांनी पानं दोनदा उलटली. मग मला जबाब टाइप करायला सांगितला. मामाच्या वतीने. कामाच्या वेळी माझे लक्ष नव्हते. यंत्राबाबत माझी कोणतीही तक्रार नव्हती. मी एकही चूक न करता टाइप केला.

दुपारी मी आणि फोरमन तो कागद घेऊन हॉस्पिटलात गेलो. मामा खाटेवर बसला होता, हात पांढऱ्या गुंडाळीत, छातीशी धरलेला. बायको खाली सतरंजीवर होती. मी जबाब वाचून दाखवला.

"भाऊ," मामा म्हणाला, "शेवटचं वाक्य परत वाचा."

"यंत्राबाबत माझी कोणतीही तक्रार नव्हती."

"व्हती की. चिठ्ठ्या टाकल्या मी तुमच्या खिडकीत. दिवाळीच्या आधी."

चिठ्ठ्या साठवायला सांगणारा आपण नव्हेच, अशा चेहऱ्याने फोरमन माझ्याकडे वळला. "होत्या का रे?"

चिठ्ठ्या त्या वेळी दुसऱ्या शहरात, हिरव्या शाईच्या माणसाकडे होत्या. मी म्हणालो, "रजिस्टरला काही नाही."

ते वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला खोट्यापेक्षा जास्त छळत आलं आहे.

मामा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या बायकोने त्यालाच विचारलं, "तुम्ही खरंच लिवलं व्हतं का ओ?" ती असं विचारते आहे हे ऐकून मामाची मान खाली गेली. त्याने डावा अंगठा पुढे केला. शाईचं पॅड मीच धरलं. सही करता येणारा माणूस होता तो.

बरा झाल्यावर त्याला फाटकावर घेतलं. वर्षभर तो येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर डाव्या हाताने लिहीत होता. रोज सकाळी मी आत शिरताना तो म्हणे, "या भाऊ," आणि मी घड्याळ बघत आत जाई. मग एका होळीला तो गावी गेला आणि परत आला नाही. शेडमध्ये म्हणत की त्याला लाज वाटत होती. कुणी म्हणे, त्या दिवशी घेऊन आला असेल थोडी. मी कुणाचंही बोलणं खोडलं नाही.

अभ्यासक्रम मी पूर्ण केला. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त संकोच याचाच वाटतो. सहावा पाठ, सातवा, थेट बारावा. प्रमाणपत्र आलं, प्रथम श्रेणी. त्याच पाकिटात माझे नमुने परत आले, टाचणीसकट. मी ते कपाटात, वर्तमानपत्राखाली ठेवले. पुढे काही वर्षं कॉलनीतल्या गणपतीला, कुणाच्या निरोप समारंभाला मी प्रहसनं लिहिली. लोक हसत. मी बाजूला उभा राहून कोण हसत नाहीये ते शोधत असे.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास कारखान्याने प्रेसशॉप बंद केलं. जुनी रजिस्टरं रद्दीत काढायची होती, ते काम माझ्याकडे आलं. सुतळी बांधण्याआधी मी त्या वर्षाचं रजिस्टर उघडलं. प्रत्येक प्रेसच्या नोंदी माझ्याच अक्षरात. चार नंबरच्या रकान्यात महिन्यामागून महिने कोरे. त्या माणसाने काही लिहिलं होतं याला जगात एकच पुरावा होता, आणि तो माझ्या घरात होता. मी मेलो तर बायको कपाट आवरताना तो फेकून देणार होती.

दोन दिवसांनी मी वणीमार्गे सुरगाण्याची एसटी धरली. पुढे जीप. जीपवाल्याला मामाच्या पाड्याचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "कोण, बोटं गेलेला? काय काम हाय त्याच्याकडं?" मी म्हणालो, "ओळखीचे आहेत." मागे बसलेला एक जण म्हणाला, "पिऊन मशीनवर उभा ऱ्हायला, त्याच्यामुळं आमच्या पाड्यातल्या पोरांना कोणी कंपनीत घेईना." जीपमधले दोघं-तिघं हसले. वर चढताना दोन्ही बाजूंना नागलीची शेतं पिकून उभी होती.

घरात मुलगी होती. विशीतली, साडीवर ओळखपत्र अडकवलेलं. जवळच्या आश्रमशाळेत शिकवत होती. मी कारखान्यातला आहे म्हटल्यावर तिने पाणी आणून दिलं आणि उभीच राहिली.

"बाबा भाताच्या खाचरावर गेलेत, आई बाजाराला. काही काम होतं?"

"ते नाटक मी लिहिलं होतं," मी म्हणालो. तिथपर्यंत येताना मी वेगळी सुरुवात ठरवली होती. "खंडेनवमीचं."

"काडीमामाचं?"

"हो."

ती दाराच्या चौकटीला टेकली.  मग म्हणाली, "मी सगळ्यात जास्त हसले होते. घरी आल्यावर रोज बाबांची नक्कल करायचे. भाकरीत काडी खुपसून, एक पाय मागे घेऊन. आई रागवायची. एक दिवस बाबा म्हणाले, टाकून दिल्या काड्या, आता झालं समाधान?" तिचा आवाज सरळ होता, वर्गात बोलावं तसा. "मला आजपर्यंत वाटत होतं, ते माझ्यामुळे झालं."

मी पिशवीतून चिठ्ठ्या काढून तिच्या हातात दिल्या. तिने त्या उभ्यानेच वाचल्या, एकेक करून, आणि वाचून झालेली प्रत्येक चिठ्ठी खालच्या बाजूला सरकवत गेली. मी बाकीचं सगळं सांगितलं. ड्रॉवर, टपाल, हॉस्पिटल. 'रजिस्टरला काही नाही' हे वाक्यही सांगितलं.

"हे बाबांसमोर सांगा," ती म्हणाली. "मी पुन्हा ऐकते."

मामा आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात विळा होता. केस पिकले होते. त्याने मला लगेच ओळखलं. "भाऊ? हजेरीवाले?" पाय धुऊन तो पडवीत बसला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं नाही.  संपल्यावर त्याने विचारलं, "किती हायत?"

"सात."

"आठ लिवल्या व्हत्या मी."

"आठवी माझ्याकडे नाही. कुठे गेली ते मला माहीत नाही."

त्याने मान हलवली. चिठ्ठ्यांना हात लावला नाही. मुलीकडे पाहून म्हणाला, "तुझ्या आईला सांगत व्हतो का नाय मी?" मुलगी हातातल्या चिठ्ठ्यांकडे बघत होती. मग तो माझ्याकडे वळला.

"आज बाजार हाय. जीपा लागत्यात तिथं सगळा पाडा असंल. तिथं बोलाल?"

"बोलेन."

"मी लिवलं व्हतं, येवढं बोला. तुम्ही दाबून ठेवलं, तेबी बोला."

"आणि नाटकाचं?" मी विचारलं.

मामा उठून उभा राहिला. "ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "त्याच्यावर मला काय बोलायचं नाय."

तो पुढे निघाला. मी चपला घातल्या आणि चिठ्ठ्यांसाठी हात पुढे केला. मुलीने त्या दिल्या नाहीत. दाराला कडी घालून, चिठ्ठ्या पदराखाली धरून ती आमच्या मागून चालू लागली.